माझ्या घराखालून जाणारी गाडी

मंगळवार, ८ मार्च १९८३

ही वही मला परत नेता येणार नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे उगाच तिच्यात जीव गुंतायला नको. माझ्या बहिणीने, लीलोने, ती आपल्या मुलीकडे माझ्यासाठी देऊन ठेवली होती. आत पहिल्या पानावर तिचं गिरमिटलेलं अक्षर: "ट्राउडे, तिकडे जे लिहिता येत नाही ते इथे लिही आणि इथेच टाकून जा."

तर लिहिते. सकाळी बर्लिनची भिंत ओलांडली. साठ वर्षं पुरी झाली म्हणून परवानगी मिळाली. म्हातारी बाई पलीकडे जाऊन परत आलीच नाही तरी आमच्या सरकारचं काय बिघडतं, उलट एक पेन्शन वाचतं, असं योआखिम म्हणाला आणि लगेच इकडेतिकडे बघायला लागला. माझा हा मुलगा शाळेत भूगोल शिकवतो. निघताना मला दारात थांबवून म्हणाला, "आई, सतरा तारीख म्हणजे सतरा. कुठे चुकलीस, कुठे अडकलीस, तर जाब मला विचारतील."

एकवीस वर्षं मी पूर्व बर्लिनमध्ये राहते आहे आणि पश्चिम बर्लिनमध्ये आज पहिल्यांदा पाऊल ठेवलं. फ्रीडरिखस्ट्रासेच्या नाक्यावरच्या माणसाने माझे कागद इतका वेळ पाहिले की मलाच वाटायला लागलं, ही बाई कुठली. पलीकडे काट्रिन उभी होती. लीलोची ही एकुलती एक मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते, अडतीस वर्षांची आहे, अजून नखं खाते. मला मिठी मारून म्हणाली, "मावशी, थरथरतेस का गं?" म्हटलं, थंडी आहे.

थंडी नव्हती.

बुधवार, ९ मार्च

काट्रिनच्या दुकानाच्या मालकाने आपल्या गाडीतून इस्पितळात सोडलं. ते शहराच्या उत्तरेला आहे आणि लीलोचं घर दक्षिणेला. मध्ये आमचं पूर्व बर्लिन पाचरीसारखं घुसलेलं, म्हणून गाडीला केवढा तरी वळसा पडला.

लीलो पिवळी पडली आहे. हात नुसत्या काड्या. "काही नाही गं, पित्ताशय कुरकुरतंय," म्हणाली. डॉक्टर ईस्टरनंतर पुढचं ठरवतो म्हणालेत. काट्रिन तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत होती. तिचंही खरंच आहे, समोरची झाडं छान आहेत.

मग लीलोने मला जवळ बोलावलं. "इतकी वर्षं तुला एक गोष्ट सांगायची राहिली. तुझ्या घरी आले की तो तुझा त्साबेल भिंतीला कान लावून बसलेला." त्साबेलसाहेब आमच्या इमारतीची वही सांभाळतात. कोण आलं, किती वाजता आलं, कधी गेलं, सगळं लिहितात. वर "फ्राउ कुनर्ट, काल तुमच्याकडे कसला आवाज होता?" म्हणून हसत विचारतात.

लीलोची गोष्ट अशी. तिचा कारखाना उत्तरेला होता. आठ नंबरची भुयारी गाडी दक्षिणेतून निघते आणि आमच्या पूर्व बर्लिनच्या पोटातून जाऊन उत्तरेला निघते. मधली आमची सहा स्टेशनं एकसष्ट साली भिंत झाली तेव्हापासून बंद आहेत. गाडी तिथे थांबत नाही, नुसती हळू होते. पाचवं बंद स्टेशन गेलं की अकरा अंक मोजायचे. तिथे वर माझं घर.

"सतरा वर्षं," लीलो म्हणाली. "सकाळी जाताना, दुपारी येताना. खिडकीच्या काचेवर तीनदा ठोकायचे. टक टक टक. माणसं म्हणायची, बाई जरा चक्रम आहे."

माझ्या पुढच्या खोलीत दिवसातून किती वेळा जमीन थरथरते आणि कपाटातले पेले किणकिणतात. आम्ही त्याबद्दल कधी बोलत नाही. त्साबेलसाहेबांनी एकदा "पाण्याचे नळ" म्हणून सांगितलं, तेव्हापासून सगळ्यांच्या लेखी नळच.

"आता माझं जाणं नाही," लीलो म्हणाली. "तू रोज येशील ना, आठ नंबरनेच ये. सरळ गाडी, पंचवीस मिनिटं. आणि माझ्या वतीने ठोक."

म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार होते?

गुरुवार, १० मार्च

मी गेले नाही. म्हणजे निघाले होते.

सकाळी उठून लीलोसाठी प्लमचा केक केला. पत्र्याच्या डब्यात भरला. काट्रिनने तिकीट हातात दिलं, शिक्का कुठे मारायचा ते दाखवलं आणि दुकानात गेली. मी बरोब्बर सव्वादोनला गाडीत बसले. डबा शेजारच्या सीटवर. तीन स्टेशनं छान गेली. समोर एक गृहस्थ पेपर वाचत होते. मी स्वतःला म्हटलं, ट्राउडे, बघ, जमतंय.

चौथ्या स्टेशनावर कर्ण्यातून आवाज आला, "पश्चिम बर्लिनमधलं शेवटचं स्टेशन! पश्चिम बर्लिनमधलं शेवटचं स्टेशन!"

मी उठले आणि उतरले. विचारसुद्धा केला नाही. आमच्याकडे कर्ण्यातून कोणी असं ओरडलं की ते माहितीसाठी नसतं. फलाटावर उतरून मागे पाहते तर दुसरं कोणीच उतरलेलं नाही. पेपरवाल्या गृहस्थांनी पानसुद्धा उलटलं नव्हतं. दार लागलं, गाडी गेली आणि माझा डबा आत सीटवर बसून गेला. केक माझ्याच घराखालून निघाला होता आणि मी फलाटावर हातमोजे चोळत उभी.

पुढच्या गाडीत बसायचं ठरवलं. बसता आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चार गाड्या सोडल्या.

भीती कसली ते नीट लिहून काढते, म्हणजे कमी होईल. माझ्या कागदावर फ्रीडरिखस्ट्रासेचा शिक्का आहे. त्या वाटेने आले, त्याच वाटेने परत जायचं. ती गाडी खाली बोगद्यात बंद पडली तर? तर मी पूर्व बर्लिनमध्ये, जमिनीखाली, शिक्क्याशिवाय सापडणार. माझ्याच घराच्या खाली. तिथे आमचे बंदूकवाले पहारेकरी असतात. "फ्राउ कुनर्ट, तुम्ही इथे कशा?" मी काय सांगू, बहिणीला भेटायला चालले आहे? मग योआखिमला बोलावतील.

लिहून भीती कमी झाली नाही.

शुक्रवार, ११ मार्च

काट्रिनला सांगितलं, काल पोट बिघडलं, मधेच उतरले, डबा गाडीत राहिला. तिने डब्यासाठी हरवलेल्या सामानाच्या कचेरीत फोन केला. मला काही विचारलं नाही. नुसता एक कागद काढून त्यावर दुसरा रस्ता काढून दिला: सात नंबरची गाडी, मग नऊ नंबरची, मग पंधरा मिनिटं पायी. हा रस्ता आमच्या खालून जात नाही. पूर्व बर्लिनला बाहेरून वळसा घालत जातो. सव्वा तास लागतो.

सात नंबरवरून नऊ नंबरला जाताना इतके जिने आहेत की खाली उतरलं की वर, वर गेलं की खाली. कोणाला विचारायची हिंमत होईना. माझ्या बोलण्यावरून कळेल ना कुठली ते. दोनदा त्याच पेपरच्या टपरीसमोर आले. तिसऱ्यांदा टपरीवाल्या बाईच म्हणाल्या, "आजी, नऊ नंबर ना? माझ्या डाव्या हाताला." मी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत. पळाले.

नऊ नंबरमध्ये तपकिरी कोटातला एक माणूस चढला. माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी गाडीचा डबा बदलला.

इस्पितळात पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. भेटायची वेळ तीन ते पाच. लीलो म्हणाली, "उशीर झाला गं." म्हटलं, गर्दी होती.

"आठ नंबरनेच आलीस ना?"

"हो."

"ठोकलंस?"

"ठोकलं की. तीनदा."

"आणि तुमच्या स्टेशनात ते मोठं हिरवं घड्याळ आहे, ते दिसलं? अजून बंदच आहे ना?"

"बंदच आहे," म्हटलं. "पावणेपाच वाजलेत त्यात."

लीलो इतकी हसली, इतकी हसली की ठसका लागला आणि नर्स धावत आली. नर्सने मलाच दटावलं. एवढं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. पण हसली ते बरं झालं. आजारी माणसाने हसावं.

शनिवार, १२ मार्च

पुन्हा सात नंबर, पुन्हा नऊ नंबर. तपकिरी कोट पुन्हा आला. तोच माणूस, तीच वेळ. मी मधेच उतरले आणि पुढची गाडी घेतली. त्यात आणखी उशीर.

इस्पितळाच्या दाराशी तो उभा! हातात पिवळी फुलं. कोणावर पाळत ठेवणारा माणूस फुलं घेऊन येईल का? येईलही. संशय येऊ नये म्हणून तर आणायची.

लीलोने डोळे उघडून पहिलं काय विचारावं? "घड्याळात किती वाजले?"

"पावणेपाच."

"आज पण पावणेपाच?" आणि पुन्हा हसली. या वेळी आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. मग माझा हात धरून म्हणाली, "ट्राउडे, लहानपणी तू विहिरीजवळून जायला घाबरायचीस. आठवतं? मी तुला पाठीवर घेऊन जायची आणि तू डोळे मिटून माझा कान पिळायचीस."

आठवतं. पण आज तिला ते का आठवावं?

रविवार, १३ मार्च

तपकिरी कोटवाला वॉर्डाच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. मी उठायला लागले. म्हणाला, "तुम्ही मला गाडीत टाळता का हो? माझी बायको सात नंबरच्या खोलीत आहे. वाटलं, दोघं एकाच वेळी जातो तर बोलत जाऊ. एकट्याने जीव नको होतो."

मला लाज वाटली. मान हलवून हो म्हटलं. फुलं तर बायकोसाठीच असणार ना, एवढं साधं मला सुचू नये! साठ वर्षांत डोक्यात काय काय भरून घेतलं आहे मी.

लीलो आज फारशी बोलली नाही. काट्रिन बाहेर कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांशी बोलत होती. परत आली तेव्हा नाक लाल. सर्दी होणार तिला. मी लिंबू-मध द्यायचं ठरवलं.

सोमवार, १४ मार्च

डबा मिळाला! शेवटच्या स्टेशनावर कोणीतरी जमा केला होता. केक तसाच, एक तुकडासुद्धा कमी नाही. नुसता कडक झाला होता. लीलोला तसंही आता काही खाववत नाही. तिने बोटाने साखर चाटली आणि म्हणाली, "हा तुझ्याआधी जाऊन आला म्हणायचा."

"कुठे?"

"तुझ्या घराखालून." आणि डोळे मिटले.

रात्री काट्रिन स्वयंपाकघरात बसून नखं खात होती. एकदम म्हणाली, "मावशी, आईला ईस्टर बघायला मिळणार नाही. तुला माहीत आहे ना?"

मी म्हटलं, माहीत आहे. खरं म्हणजे मला ते तेव्हाच कळलं. पण कळलं म्हणजे काय, इतके दिवस बाजूला ठेवलं होतं ते समोर आलं.

बुधवार, १६ मार्च

काल लिहिता आलं नाही. आता लिहिते.

काल दुपारी एक चाळीसला फोन वाजला. काट्रिन दुकानात. वॉर्डातली नर्स म्हणाली, "बहीण ना तुम्ही? या. लवकर या."

सात नंबर, नऊ नंबर, पायी, सव्वा तास. मी बूट घातले आणि खाली आठ नंबरच्या फलाटावर जाऊन उभी राहिले. पाय आपोआप गेले असं म्हणायला बरं वाटतं, पण तसं नव्हतं. एकेक पायरी मी जबरदस्तीने उतरले. कोटाच्या खिशात कागद होते, ते दहा वेळा चाचपले.

बसले. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं.

"पश्चिम बर्लिनमधलं शेवटचं स्टेशन!"

मी हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले. शेजारी एक जाड बाई संत्रं सोलत होती. मी कुडकुडत होते म्हणून असेल, किंवा तिला दोन फोडी जास्त झाल्या म्हणून, तिने माझ्याकडे न बघता अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं. "घ्या." घ्यायचं तर हात मांडीखालून काढायला हवा. काढला. आणि दार लागलं.

मग दिवे मंदावल्यासारखे झाले. गाडी हळू झाली. पहिलं बंद स्टेशन. फलाटावर पिवळट उजेड, धूळ, भिंतीवर जुन्या साबणाची जाहिरात. खांबाआड आमचा पहारेकरी. पन्नाशीचा, पोटसुटा. कागदात गुंडाळलेला पाव खात होता. माझी आणि त्याची नजरानजर झाली. मला वाटलं, आता तो शिट्टी वाजवणार. त्याने दुसरा घास घेतला.

मला खाली वाकायचं होतं, सीटमागे तोंड लपवायचं होतं. संत्रं मुठीत इतकं आवळलं की रस हातावर ओघळला. दुसरं. तिसरं. गाडी मधे एकदा जवळजवळ थांबलीच, आणि मी मनातल्या मनात योआखिमची क्षमा मागून टाकली. पुन्हा हलली. चौथं.

पाचवं माझं. वीस वर्षं भाजी घ्यायला मी त्याच्या बंद जिन्यावरून जाते. काच हाताने पुसून मी फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. बाकं होती, विटांनी बुजवलेलं दार होतं, एक मोडका झाडू होता.

घड्याळ नव्हतं. हिरवं नाही, मोठं नाही, बंद नाही, कसलंच नाही.

अकरा अंक मोजायचे होते. मी तीनपर्यंत मोजलं आणि मला रडू आलं, म्हणून पुढचं मोजायचं राहिलं. मग सरळ ठोकतच सुटले. तीनदा नाही, तीसदा, पुढचं स्टेशन येईपर्यंत. संत्र्याच्या रसाने काच चिकट झाली. जाड बाई म्हणाली, "ठोका, ठोका. पूर्वी एक बाई रोज ठोकायच्या इथे."

दोन वाजून वीस मिनिटांनी मी खोलीत होते.

लीलोचे डोळे अर्धवट उघडे. ओठ हलले. वाकून ऐकलं. "किती वाजले?"

"लीलो, तिथे घड्याळच नाही गं."

तिने डोळे पूर्ण उघडले. माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सहा वर्षांची झाले. मग म्हणाली, "आलीस तर."

"आले."

"एकटी?"

"एकटी. पाठीवर घ्यायला कोणी नव्हतं."

काट्रिन अडीचला पोचली. पावणेचारला लीलो गेली. शेवटपर्यंत एक हात माझ्याकडे, एक काट्रिनकडे. काही त्रास झाला नाही असं नर्स म्हणाली. झाला असेल तर तिने आम्हाला दाखवला नाही, तिची सवयच ती.

चार दिवस तिला माहीत होतं की मी खोटं बोलते आहे. चार दिवस रोज एक तास कमी बसले मी तिच्याजवळ, त्या सात आणि नऊ नंबरपायी. सगळे मिळून चार तास होतात, गुरुवारचे वेगळेच. ते मला कोण परत देणार? तिने एकदाही रागाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आज काट्रिनने पाद्रीबाबांना फोन केला. दफन सोमवारी, एकवीस तारखेला, तीन वाजता, लीलोच्या नवऱ्याशेजारी, उत्तरेच्या दफनभूमीत. माझी परवानगी उद्या संपते. काट्रिन म्हणाली, "चार दिवस जास्त राहिलीस तर काय करणार आहेत ते तुझं?" म्हटलं, माझं काही नाही गं, योआखिमचं करतील. नवी परवानगी मिळायला किती आठवडे लागतील कोणाला ठाऊक. ती रागावली, मग रडली, मग तिने मला एक कप कोको करून दिला.

नंतर आम्ही दोघींनी ठरवलं ते असं. सोमवारी काट्रिन आणि लीलोच्या कारखान्यातल्या दोघी मैत्रिणी काळे कपडे घालून दोन दहाच्या आठ नंबरमध्ये बसतील. पाचवं बंद स्टेशन गेलं की तिघी अकरा मोजतील आणि काचेवर ठोकतील.

मी पुढच्या खोलीतला गालिचा गुंडाळून ठेवीन. कपाटातले पेले काढून पलंगावर ठेवीन, त्यांची किणकिण मधे यायला नको. जमिनीवर बसेन. मला खरं म्हणजे काही ऐकू येणार नाही, एवढी माती आणि एवढे दगड मधे. आणि गाड्या सारख्या जात असतात, त्यातली त्यांची कोणती ते मला कळणार नाही. म्हणून मी दोनपासून तीनपर्यंत प्रत्येक गाडीला वरून ठोकणार आहे. लाटण्याने, जोरात, तीन तीनदा.

त्साबेल विचारायला येईलच, कसला आवाज म्हणून. आला की सांगेन, माझ्या बहिणीची अंत्ययात्रा चालली आहे, खालून. लिही तुझ्या वहीत.